अॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी घर घ्यायचंय? आधी जमिनीखाली बघा

अॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अॅमस्टेलवेनमध्ये भाड्याच्या घरात काही वर्षं काढली, दोघांच्या पगारावर कर्ज बसतंय असं दिसलं, की मराठी कुटुंबांत हा विषय निघतोच: घर घ्यायचंच आहे तर थेट शहरात का नको? मग रात्री जेवणं उरकल्यावर फंडा या घरांच्या जाहिरातींच्या डच संकेतस्थळावर शोध सुरू होतो. सतराव्या शतकातली इमारत, छताला जुन्या लाकडी तुळया, उंच खिडक्या, खिडकीबाहेर प्रिन्सेनग्राख्ट कालव्याचं पाणी. फोटो बघून कुणाचाही जीव त्यात अडकेल.

त्याच वेळी डच वर्तमानपत्रांत मात्र वेगळीच चर्चा चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारच्या एका सल्लागार मंडळाने अहवाल दिला की देशभरातल्या सुमारे ४ लाख २५ हजार इमारतींच्या पायाला येत्या काळात गंभीर धोका आहे किंवा इजा आधीच झालेली आहे. ही बातमी आणि फंडावरचे ते फोटो एकाच घराबद्दल असू शकतात, आणि जाहिरातीत पायाबद्दल बहुतेक वेळा एक ओळसुद्धा नसते. या भागात घराची किंमत वरून ठरलेली दिसते, पण ते घर तुम्हाला खरोखर कितीला पडणार हे जमिनीखाली ठरतं. म्हणून खालूनच सुरुवात करू.

शहर उभं कशावर आहे

१६१३ पासून अॅमस्टरडॅमने जुन्या गावाभोवती अर्धवर्तुळात मोठे कालवे खणायला घेतले. हेरेनग्राख्ट, कायझर्सग्राख्ट आणि प्रिन्सेनग्राख्ट हे त्यातले मुख्य तीन. त्यांच्या काठाने श्रीमंत व्यापाऱ्यांची घरं उभी राहिली, आणि पश्चिमेला योर्दान हा भाग कारागीर-कामगारांसाठी अरुंद गल्ल्यांत वसला. हाच योर्दान आज शहरातल्या महागड्या वस्त्यांत मोडतो. या मोठ्या कालव्यांच्या पट्ट्याला २०१० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

इथली जमीन मऊ आहे. वर भराव, खाली पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर, त्याखाली चिकणमाती. घराचा भार पेलेल अशी घट्ट वाळू लागते ती साधारण १२ मीटरवर. म्हणून बांधणाऱ्यांनी पाइन किंवा स्प्रूसचे लांब सोट वाळूला टेकेपर्यंत ठोकले, त्यांच्या डोक्यांवर आडवी लाकडं टाकली आणि त्यावर विटांच्या भिंती चढवल्या. या सोटांना पुढे पाइल म्हणू. डाम चौकातला राजवाडा १३,६५९ पाइलवर उभा आहे. तिथली शाळकरी मुलं हा आकडा वर्षाच्या दिवसांवरून लक्षात ठेवतात: ३६५ च्या आधी १, नंतर ९.

लाकूड पाण्यात असताना अडचण काय?

लाकूड पूर्ण पाण्याखाली असेल तर अडचण नाहीच म्हटलं तरी चालेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. शेताच्या कुंपणाचा लाकडी खांब उपटून बघा: जमिनीत खोल गेलेलं टोक ठणठणीत असतं, वरचं कोरडं लाकूडही चांगलं असतं, आणि खांब मोडतो तो जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा एकत्र येतात. पाइलचंही असंच होतं. म्हणून त्यांची डोकी मुद्दाम भूजलाच्या पातळीखाली कापलेली असतात.

कालव्यांचं पाणी नेदरलँड्सच्या उंची मोजायच्या शून्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर खाली राखलेलं असतं. पण कालव्यातलं पाणी वेगळं आणि घराखालचं भूजल वेगळं. गळकी जुनी गटारवाहिनी आजूबाजूचं पाणी ओढून घेते, मोठं झाड शोषून घेतं, शेजारचं तळघर बांधताना पंप चालतो, २०१८ किंवा २०२२ सारखा कोरडा उन्हाळा येतो. भूजल वीतभर जरी उतरलं आणि तसंच राहिलं तरी पाइलची डोकी हवेत येतात आणि कुजायला लागतात. शिवाय काही जीवाणू पाइनच्या बाहेरच्या नरम लाकडाला पाण्याखालीसुद्धा खातात, अतिशय सावकाश. आणि तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: भोवतालची मऊ जमीन स्वतः खचत असते आणि खचताना पाइललाही खाली ओढत नेते. अशा वेळी पाइलवर घराचा भार असतोच, जमिनीचाही पडतो.

पुराची भीती वाटणाऱ्यांसाठी: शहरातल्या कालव्यांची पातळी झडपा आणि एमाउडेनसारख्या ठिकाणचे प्रचंड पंप यांनी काटेकोर सांभाळली जाते. समुद्राची चिंता देशाला आहे आणि ती खरी आहे. पण आज कालव्याकाठच्या घराचं नुकसान होतं ते पाणी चढल्याने कमी आणि उतरल्याने जास्त.

“साडेतीनशे वर्षं उभं आहे, आता काय पडणार?”

हा युक्तिवाद प्रत्येक दलाल करतो आणि ऐकायला बिनतोड वाटतो. पण आपल्याला दिसतात ती टिकलेली घरं. पडलेली, पाडलेली, पुन्हा बांधलेली घरं फंडावर येत नाहीत. शिवाय ज्या परिस्थितीत हे पाइल शेकडो वर्षं टिकले ती आता राहिलेली नाही. गटारं, तळघरं, जड वाहतूक, वर चढवलेले मजले, मधली भिंत काढून केलेला मोठा हॉल ही सगळी अलीकडची भर.

घर वाकडं दिसलं म्हणून लगेच घाबरू नये, हेही तितकंच खरं. बरीच घरं रस्त्याकडे पुढे झुकलेली असतात ती मुद्दाम. वरच्या तुळईला दोर लावून सामान वर घेताना ते भिंतीवर आपटू नये म्हणून ती तशी बांधली. जिने इतके उभे आणि चिंचोळे आहेत की कपाट आणि पियानो आजही खिडकीतूनच आत जातात. काळजी करावी ती घर कुशीवर कललं असेल तर, म्हणजे एका बाजूचा पाया दुसरीपेक्षा जास्त बसला असेल तर. त्यातही दोनशे वर्षांपूर्वी बसून थांबलेलं घर वेगळं आणि आजही दरवर्षी थोडं थोडं बसत असलेलं घर वेगळं.

घर बघायला गेल्यावर विटांच्या रांगा नजरेने बघा. बांधताना त्या आडव्या सरळ होत्या, आज एका टोकाला उतरल्या असतील तर तेवढं घर बसलंय. दाराची वरची कड तिरकी तासलेली आहे का बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग आणि नुकताच भरलेला गिलावा या दोन्हींबद्दल विचारा. शेजारच्या घराशी सांधा उघडलाय का, तेही बघा. एवढं केलं तरी कळतं ते घर कितपत हललं एवढंच. का हललं आणि अजून हलतंय का, हे कळायला खणावं लागतं.

खड्ड्यात उतरून केलेली तपासणी

पायाची खरी तपासणी अशी होते. तळमजल्याची जमीन किंवा मागच्या अंगणाचा एक तुकडा उघडतात आणि भिंतीलगत माणूस उतरेल एवढा खड्डा खणतात. पाणी आत येत राहतं, पंप चालू ठेवावा लागतो. तळाशी काळपट आडवी लाकडं दिसतात, त्याखाली पाइलची डोकी. तपासनीस स्प्रिंगवर चालणाऱ्या उपकरणाने ठरावीक जोराने एक पिन लाकडात मारतो आणि ती किती मिलिमीटर आत गेली ते मोजतो. निरोगी लाकडात ती लगेच अडते. नरम पडलेल्या लाकडात सहज जाते, आणि मग नखाने ओरबाडलं तरी ओल्या भुशासारखं लाकूड हाताला येतं. लाकडाचा एक बारीक नमुना प्रयोगशाळेत जातो. भूजलाची पातळी, पाइलच्या डोक्याची पातळी, विटांच्या रांगांचा उतार, सगळं नोंदवलं जातं. शेवटी अहवालात एक अंदाज येतो: हा पाया आणखी किती वर्षं काम देईल. आपल्याला हवा आहे तो हा आकडा.

घर घेण्याआधी प्रत्येक वेळी खड्डा खणणं शक्य नसतं. मालक तयार हवा, वेळ हवा. पण आधीचा अहवाल आहे का हे विचारता येतं. महापालिकेच्या नोंदींत बांधकाम परवाने मिळतात, त्यात पाया बदलल्याची नोंद सापडू शकते. दोन्ही शेजाऱ्यांकडे पाया नवा केलाय का, हेही विचारा. हा प्रश्न तिथे उद्धटपणाचा समजला जात नाही.

बिघडलेला पाया दुरुस्त कसा होतो

बहुतेक वेळा तळमजल्याची पूर्ण जमीन काढून टाकतात. घराच्या आतूनच लोखंडी नळ्यांचे तुकडे एकावर एक जोडत वाळूपर्यंत दाबतात. मग भिंतींमध्ये खाचा पाडून सबंध तळाला लोखंडी गजांचा काँक्रीट स्लॅब घालतात. यापुढे घर त्या स्लॅबवर बसतं. तळमजल्यावरच्या माणसांना काही महिने बाहेर राहावं लागतं, त्यांचं स्वयंपाकघर आणि फरशा जातात. खर्च एका इमारतीला लाख युरोंच्या घरात, जुन्या शहरातल्या अडचणीच्या जागी त्याहून बराच जास्त. घराचा विमा हे सहसा देत नाही, कारण हळूहळू झालेली झीज विम्यात बसत नाही. पाया ही मालकाची जबाबदारी, महापालिकेची नव्हे.

त्यात दोन घरांमधली भिंत बरेचदा सामाईक असते, म्हणजे तिच्याखालचे पाइलही सामाईक. एकट्याने अर्धी भिंत उचलून धरता येत नाही. शेजारी तयार नसेल तर तुमचंही काम अडतं.

रस्त्याकडचा धक्का, म्हणजे कालव्याची भिंत, ही मात्र महापालिकेची. तीही लाकडी पाइलवरच आहे. १ सप्टेंबर २०२० ला ग्रिमबुर्गवाल इथे धक्क्याचा एक मोठा तुकडा कालव्यात कोसळला, आणि त्यानंतर शहराने पूल आणि धक्के दुरुस्तीचं काम जोरात हाती घेतलं. त्याचा खर्च तुमच्या खिशातून थेट जात नाही. पण घरासमोर काम निघालं की पार्किंग जातं, झाडं जातात आणि आवाज दीर्घकाळ चालतो. पुढच्या काही वर्षांत आपल्या धक्क्याचा नंबर आहे का, हे महापालिकेकडे विचारता येतं.

“पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर घेतोय”

मजला कुठलाही असला तरी पाया सगळ्यांचा. कालव्यावरचं अख्खं घर घेणारे थोडे. बाकीच्यांना मिळतो तो जुन्या घराचे तुकडे करून केलेला एक फ्लॅट. असा फ्लॅट घेतला की तुम्ही आपोआप मालकसंघाचे सभासद होता. त्याला तिथे सगळे व्हीव्हीई म्हणतात. काम आपल्या सोसायटीचंच: छप्पर, जिना, बाहेरच्या भिंती, पाया यांची देखभाल आणि त्यासाठी महिन्याची वर्गणी. खरेदीखतात तुमचा वाटा लिहिलेला असतो. चार फ्लॅटच्या इमारतीत एक चतुर्थांश वाटा असेल आणि पायाला दीड लाख युरो लागले, तर तिसऱ्या मजल्यावरून तुम्ही ३७,५०० युरो देणार.

२०१८ पासून कायद्याने व्हीव्हीईला देखभालीचा निधी साठवणं बंधनकारक आहे. एकतर अनेक वर्षांचा देखभाल आराखडा करून त्याप्रमाणे, नाहीतर इमारत नव्याने बांधायला जो खर्च येईल त्याच्या किमान अर्धा टक्का दरवर्षी. पण दोन-तीन फ्लॅटच्या जुन्या घरांत व्हीव्हीई नुसती कागदावर असते. सभा नाही, बँक खातं नाही, वर्गणी नाही. अशा फ्लॅटची जाहिरात “महिन्याचा खर्च शून्य” म्हणून आकर्षक दिसते. मला स्वतःला ती सगळ्यांत धोक्याची खूण वाटते, कारण खर्च तिथेही आहे, फक्त तो अजून कुणी भरलेला नाही.

म्हणून मागच्या तीन वर्षांच्या सभांचं इतिवृत्त मागा आणि डच येत नसेल तर भाषांतर करून शब्दन् शब्द वाचा. “भेगांबद्दल पुढच्या सभेत बोलू” अशी एक ओळ तीन वर्षं सलग दिसली तर त्यातून जे कळतं ते कुठल्याही जाहिरातीत कळणार नाही.

जमीन कुणाची?

अॅमस्टरडॅममध्ये १८९६ पासून महापालिका जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देते. घर तुमचं, जमीन शहराची, आणि तिचं वार्षिक भाडं तुमच्यावर. या पद्धतीला एर्फपाख्ट म्हणतात. कालव्यांचा भाग त्याच्या कितीतरी आधी खाजगी मालकीचा झालेला असल्याने तिथली जमीन बहुतेक मालकाचीच असते आणि हा मोठा फायदा आहे. योर्दानमध्ये मात्र अपवाद आहेत. गेल्या शतकात नूतनीकरणासाठी शहराने जी घरं ताब्यात घेऊन नवी बांधली, त्यांच्याखाली भाडेपट्टा असू शकतो. तसं असेल तर भाडं कधीपर्यंत आगाऊ भरलंय आणि त्यानंतर किती होणार, हे जमीन नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे काडास्टरच्या, कागदांवरून तपासा.

वारसा इमारत असेल तर

शहरात साडेसात हजारांच्या आसपास राष्ट्रीय स्मारकं आहेत आणि त्यातली बरीच म्हणजे लोकांची राहती घरं. अशा घरात संरक्षण फक्त दर्शनी भिंतीला नसतं. जिना, तुळया, जुनं छत, खिडकीच्या चौकटी या सगळ्यांना असतं. साधी दुहेरी काच बसवायलाही परवानगी लागू शकते आणि मिळाली तरी पातळ, महाग काच घ्यावी लागते. आधीच्या मालकाने परवानगीविना भिंत पाडली असेल तर नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते.

बदल्यात मदतही आहे. राष्ट्रीय स्मारक असलेल्या राहत्या घराच्या देखभालीसाठी मान्य खर्चाच्या ३८ टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी योजना २०१९ पासून आहे. त्याआधीची करसवलत तेव्हा बंद झाली, हे जुन्या माहितीवर विसंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. नियम जाचक वाटतात, पण खिडकीबाहेरचं ते दृश्य शाबूत राहिलं ते या नियमांमुळेच, आणि मला ते नियम हवेसे वाटतात. फक्त घर गरम ठेवण्याच्या बिलाचा आणि परवानगीच्या महिन्यांचा हिशेब आधी धरलेला असावा.

“विकणाऱ्याने सांगायला नको का? आणि बँक तपासतेच ना?”

विकणाऱ्याला जे दोष माहीत आहेत ते त्याने सांगायलाच हवेत. पण घेणाऱ्यावरही चौकशी करण्याची जबाबदारी आहे, आणि जुन्या घरांच्या करारात हमखास एक वयाचं कलम असतं: घर इतक्या वर्षांचं आहे, नव्या घरासारखी अपेक्षा ठेवू नये, पायासकट अमुक गोष्टींच्या दोषाचा धोका घेणाऱ्याचा. सही केल्यावर पाया खराब निघाला तर या कलमापुढे दाद मागणं फार कठीण जातं. बँकेसाठी घराचं मूल्य ठरवणारा माणूस बाजारभाव सांगतो. तो खड्ड्यात उतरत नाही.

म्हणून बोली लावतानाच “पायाच्या तपासणीच्या अटीवर” असं लिहून द्या. तेजीच्या बाजारात लोक बोली जिंकायला सगळ्या अटी सोडतात. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत तशी जोखीम एखाद्याने घेतली तर समजू शकतं. लाकडी पाइलवरच्या घरासाठी ती घेऊ नये, घर हातचं गेलं तरी चालेल.

खिशातून किती जाणार

नेदरलँड्समध्ये बँक घराच्या बाजारमूल्याच्या १०० टक्के कर्ज देऊ शकते, अर्थात पगारात बसेल तेवढंच. त्यामुळे स्वतःचे पैसे लागतच नाहीत असा समज होतो. समजा फ्लॅटचं मूल्यांकन ७,५०,००० युरो आलं आणि बोली जिंकायला तुम्ही ७,९०,००० दिले. वरचे ४०,००० तुमचे. हस्तांतरण कर २ टक्के, म्हणजे १५,८००, तोही तुमचा. नोटरी, मूल्यांकन, कर्जसल्लागार आणि तुमच्या बाजूचा दलाल यांचे आणखी काही हजार. म्हणजे साठ हजारांच्या आसपास रोख हवी, आणि पायाचा वाटा त्यात अजून धरलेला नाही. पस्तिशीच्या आतल्यांना एकदाच मिळणारी करमाफी आहे, पण ती ठरावीक किमतीपर्यंतच्या घरालाच, आणि ही मर्यादा ओलांडली की पूर्ण रकमेवर कर लागतो. २०२५ मध्ये ती ५,२५,००० युरो होती. कालव्यावर त्यात बसणारं घर म्हणजे एखाद-दुसरी खोली.

पर्यटकांना भाड्याने देऊन हप्ता भरू, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. राहतं घर सुट्टीसाठी भाड्याने द्यायला परवाना लागतो, रात्रींवर कडक मर्यादा आहे आणि शहर ती आणखी कमी करत आलंय. विशिष्ट मूल्याखालचं घर घेतलं तर पहिली चार वर्षं स्वतः राहायचं, भाड्याने द्यायचं नाही, असाही नियम आहे.

सहीच्या टेबलाशी

घरखरेदीचा करार लेखीच लागतो. सही केलेल्या कराराची प्रत हातात पडल्यावर घेणाऱ्याला विचार बदलायला तीन दिवस मिळतात. त्यात निदान दोन दिवस कामाचे असावे लागतात. या मुदतीत कारण न सांगता, दंड न भरता माघार घेता येते. ही मुदत फक्त घेणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही. ती संपल्यावर करारात लिहिलेल्या अटींवरच बाहेर पडता येतं: कर्ज नाकारलं गेलं, किंवा तपासणीत ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली. ही रक्कम करारात आकड्यात लिहून घ्या. अटीविना माघार घेतली तर साधारण किमतीच्या १० टक्के दंड बसतो.

मालकी बदलते ती नोटरीसमोर. खत डचमध्ये वाचलं जातं, आणि घेणाऱ्याला भाषा पुरेशी येत नाही असं नोटरीला वाटलं तर दुभाषी बसवावा लागतो. त्याचे पैसे घेणाराच देतो. मसुदा आधी येतो, त्यात इमारतीतला तुमचा वाटा आणि जमिनीची मालकी या दोन ओळी व्हीव्हीईच्या कागदांशी ताडून बघा. फरक आढळला तर तो सहीच्या आधी नोटरीला दाखवा. सही झाल्यावर तोच फरक दुरुस्त करायला इमारतीतल्या सगळ्या मालकांना पुन्हा नोटरीकडे यावं लागू शकतं.